सामाईक भिंत

धूळ खाली बसली तेव्हा आमच्या स्वयंपाकघरातून मला शेटेकाकूंचं स्वयंपाकघर दिसलं. मधली भिंत पडली होती. दगड आणि मातीची ढेकळं दोन्हीकडच्या फरशीवर पसरली होती आणि पलीकडे काकू पाटावर बसलेल्या होत्या, मांडीवर तांदूळ निवडायचं ताट घेऊन. भुवया, पापण्या, लुगड्याचा पदर, सगळं मातकट झालं होतं. त्यांच्या फळीवरच्या बरण्या खाली आल्या होत्या. लिंबाच्या लोणच्याची बरणी फुटून त्या धुळीत लोणच्याचा आंबट वास सुटला होता. आमचा यशवंत मिस्त्री हातातली छिन्नी तशीच धरून उभा. 

मग काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी लग्न होऊन कराडच्या त्या घरात आले त्याला पाच-सहा वर्षं झाली होती, आणि एवढ्या काळात त्या माझ्याशी एक शब्दही बोलल्या नव्हत्या.

"दुधावर झाकण ठेव," त्या म्हणाल्या. "माती पडतीय."

मी झाकण ठेवलं. त्यांनी ताटातले तांदूळ एकदा पाहिले, ताट बाजूला सारलं आणि गुडघ्यावर हात टेकून उठल्या. आमचं नवं नातं सुरू झालं ते असं.

ते जोडघर होतं. एकाच माणसाने कधीकाळी बांधून दोघांना विकलेलं. अर्धं आमचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, आणि अर्धं शेट्यांचं. मधली भिंत सामाईक. दोन्ही घरांचं बोलणं मी यायच्या आधीच बंद झालेलं होतं. का, असं मी सुरुवातीला ह्यांना विचारलं होतं, तर हे म्हणाले, सांडपाण्यावरून काहीतरी झालं होतं, जुनी गोष्ट आहे. मीही मग खोलात गेले नाही. शेजाऱ्यांची भांडणं सांडपाण्यावरूनच व्हायची तेव्हा. काकू एकट्या राहायच्या. यजमान, शेटेअण्णा, वारलेले, मूलबाळ नाही, पेठेतलं बांगड्यांचं दुकान भाड्याने दिलेलं, त्यावर त्यांचं चालायचं.

आम्ही घराचं काम काढलं ते आप्पांसाठी, माझ्या सासऱ्यांसाठी. आप्पा हायस्कूलमध्ये मराठी आणि संस्कृत शिकवायचे. ताठ कण्याचा माणूस. थोरल्या दिरांकडे पुण्याला गेले असताना त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. दीर तिसऱ्या मजल्यावर राहायचे. आप्पा दिवसभर खिडकीपाशी बसून राहायचे आणि कुणी भेटायला गेलं की एकच शब्द काढायचे, "घरी." पण घरी आणायचं कसं? आमचा संडास परसाच्या टोकाला, चार उंच पायऱ्यांवर. न्हाणी म्हणजे परसातच एक दगड आणि तीन बाजूंनी पत्रा. धडधाकट माणसाला पावसाळ्यात तिथं जाणं नको व्हायचं. म्हणून ठरवलं, की स्वयंपाकघराचा मागचा कोपरा तोडून घरातच न्हाणी आणि संडास करायचा. दिरांशी बोलणं झालं. मे महिना संपता संपता आप्पांना आणायचं, तोवर काम पुरं करायचं. होळी झाली आणि मिस्त्री कामाला लागला.

पैशांचं गणित मी मांडलं होतं. मी बालवाडी चालवायचे, हे दूध संघात होते. सोसायटीचं कर्ज आणि गाठीला होतं ते, एवढ्यात बसवायचं होतं. माझे वडील बांधकामावर मुकादम होते. जुन्या घराला हात लावायचा तर रकमेचा पाचवा भाग आधीच बाजूला काढावा आणि तो आपल्याजवळ नाहीच असं धरून चालावं, हे मी त्यांच्या तोंडून लहानपणापासून ऐकत आले होते. मी तसंच केलं. त्यासाठी न्हाणीच्या भिंतीच्या पांढऱ्या फरशा रद्द केल्या. मला त्या फार हव्या होत्या. ह्यांनी माझी चेष्टा केली. हे पैसे कशासाठी, असं विचारायचे. मला सांगता यायचं नाही. काय निघेल ते माहीत नाही म्हणूनच ठेवलेत, एवढंच मी म्हणायचे. मग हे मित्रांना सांगायचे, आमच्या घरात न झालेल्या खर्चाचे पैसे आधी भरतात.

आता माझा मुलगा पुण्यात फ्लॅटचं काम काढतो तेव्हा त्या इंटिरियरवाल्याच्या कागदावर शेवटी 'इतर' असा रकाना असतोच. मी तो रकाना पाहते आणि मला लोणच्याचा वास येतो.

तर ती भिंत. मिस्त्री नळासाठी खाच मारत होता. आतली माती कित्येक वर्षं ओल पिऊन पिऊन नुसती चिखल होऊन बसली होती, वरच्या गिलाव्याने तेवढी धरून ठेवलेली. दोन घाव बसले आणि दारापेक्षा रुंद भगदाड पडलं. मिस्त्रीने उरलेली भिंत ठोकून पाहिली आणि सांगितलं, की नुसतं भगदाड बुजवून भागायचं नाही. वरच्या तुळईला टेकू देऊन ही सगळी बाजू उतरवायची आणि पायापासून विटा-सिमेंटात नवी घ्यायची. काकूंच्या बाजूची फळी आणि ओटाही त्याच भिंतीला धरून होता, तो कलला होता. म्हणजे तोही आला.

संध्याकाळी हे घरी आले. भगदाडाला ताडपत्री लावली होती. पलीकडे काकू भांडी घासत होत्या, त्याचा आवाज येत होता, त्यामुळे आम्ही पुढच्या खोलीत जाऊन बोललो. ह्यांचं म्हणणं सरळ होतं. आपण आपल्या बाजूने विटेचा एक थर लावू, गिलावा करू आणि न्हाणीचं काम पुढे नेऊ. अर्धा खर्च त्यांनी दिला तर भिंत पुरी बांधू. पण काकू तो देणार नाहीत हे दोघांनाही माहीत होतं. देणार कुठून? शिवाय भिंत आम्ही पाडली होती.

"त्यांची बाजू त्यांनी बघावी," हे म्हणाले.

"त्यांची बाजू म्हणजे काय? भिंत एकच आहे."

"आणि आप्पा आले की? त्यांना काय भिंत दाखवायची?"

"तुम्ही मला विचारायचात ना, पैसे कशासाठी ठेवलेस. तेव्हा मला सांगता येत नव्हतं. आता येतंय."

हे पुष्कळ वाद घालतील असं मला वाटलं होतं.  पण हे म्हणाले, "बांध. त्यांचा ओटा पण नीट करून दे." आणि उठून बाहेर गेले. एवढ्या लवकर कसे तयार झाले, याचं मला नवल वाटलं.

बाजूला काढलेले पैसे त्या भिंतीने खाल्लेच, न्हाणीच्या पैशांतलेही बरेच खाल्ले. आधी काकूंचा ओटा झाला, कारण त्यांची चूल अडली होती. तोवर त्यांचा स्टो आमच्या स्वयंपाकघरात. पहिले दोन दिवस त्या माझ्याकडे पाठ करून भाजी शिजवायच्या. तिसऱ्या दिवशी माझ्या आमटीत डोकावून म्हणाल्या, चिंच आधी घालतेस म्हणून डाळ शिजत नाही तुझी. नंतर ताडपत्री दिवसा वर खोचलेलीच राहायला लागली. त्यांचा रेडिओ आमच्याकडे ऐकू यायचा. आमच्या कुकरच्या शिट्ट्या त्या मोजायच्या आणि पलीकडून सांगायच्या, झाल्या गं. मी बालवाडीतून यायचे तेव्हा मिस्त्रीचा चहा त्यांनी केलेला असायचा आणि माझाही झाकून ठेवलेला. ह्यांच्याशी मात्र त्या बोलत नव्हत्या आणि हे आले की ताडपत्री खाली यायची. ते दिवस आठवले की मला वाटतं, घर इतकं मोडलेलं होतं आणि तरी मी त्यात आधी कधीच इतकी सुखात नव्हते.

मग वाण्याच्या दुकानात पुण्याहून फोन आला. दिरांची बदली नागपूरला झाली होती आणि लगेच हजर व्हायचं होतं. ते आप्पांना रविवारी घेऊन येत होते. एप्रिल अजून सरला नव्हता.

भिंत तेव्हा उभी राहिली होती, पण काकूंच्या बाजूचा राडारोडा आमच्या परसातून काढायचा म्हणून मिस्त्रीने एक माणूस जाईल एवढी वाट मधे सोडली होती. आमची न्हाणी म्हणजे नुसता खड्डा. हातातले पैसे संपलेले, कर्जाचा पुढचा हप्ता हाती यायचा तो जूनमध्ये.

आप्पा मोटारीतून उतरले तेव्हा ह्यांनी आणि दिरांनी त्यांना धरून आत आणलं. उंबरठ्यावर त्यांनी डावा हात चौकटीला लावला आणि थोडा वेळ तो काढलाच नाही. स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत त्यांची कॉट टाकली. सगळं भांड्यात करायचं होतं, आणि ते भांडं मी उचलणार हे त्यांना सहन होईना. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी पाणी तोंडाला लावायचं बंद केलं. चहा परत पाठवला. मला वाटलं, पुण्याची सवय आहे, इथली होईल हळूहळू. त्या उन्हाळ्यात त्यांचे ओठ फुटले तेव्हा मी घाबरले. हे त्यांच्यावर रागावले, मग गयावया केली. आप्पा भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

काकूंना माझ्याआधी कळलं होतं.

"मास्तर पाणी पीत नाहीत," भिंतीतल्या वाटेत उभ्या राहून त्या मला म्हणाल्या. "लाज वाटतीय त्यांना. माझी न्हाणी घरातच आहे. संडासही तिथंच. इकडून आण त्यांना. चार पावलं आहेत."

त्यांची न्हाणी मी तोवर पाहिली नव्हती, स्वयंपाकघरापलीकडचं दार बंद असायचं. त्यांनी ते उघडून दाखवलं. आत उंबरठा नव्हता, जमीन सपाट. भिंतीला हाताच्या उंचीवर लोखंडी नळी बसवलेली, दारापासून पार आतपर्यंत. बसून अंघोळ करायला दगडी बैठक. संडास खुर्चीसारखा, शेजारी दोन्ही बाजूंना धरायला दांडे. सगळं कोरं वाटत होतं. काकू स्वतः बाहेरच्या बाजूला पत्र्याच्या आडोशात अंघोळ करायच्या, हे मला माहीत होतं. घरात असली न्हाणी असताना बाहेर का, हे मात्र विचारायचं मला सुचलं नाही, मी इतकी हरखून गेले होते. धावतच आप्पांकडे गेले आणि सांगितलं.

आप्पांनी मान हलवली. नको. मी पुन्हा सांगितलं, की काकूंनी स्वतः बोलावलंय, त्यात लाजण्यासारखं काही नाही. त्यांनी डोळे मिटून घेतले आणि त्यातून पाणी आलं. मी ह्यांच्याकडे पाहिलं. तुम्ही सांगा ना, म्हटलं. हे दाराशी उभे होते, पायाने जमिनीवरची माती सारखी करत. 

तेवढ्यात मागून काकू आल्या. इतक्या वर्षांत त्या पहिल्यांदाच आमच्या स्वयंपाकघराच्या पुढे, आतल्या खोलीत येत होत्या, आणि त्याही त्या भिंतीतून. कॉटपाशी येऊन उभ्या राहिल्या. आप्पांनी डोळे उघडले.

"मास्तर, न्हाणी मोकळी आहे," काकू म्हणाल्या. "उठा."

आप्पांना शब्द जुळवायला वेळ लागायचा. ओठ हलत राहायचे, मग एकेक शब्द बाहेर यायचा.

"ती... अण्णांची," ते म्हणाले.

"हो, त्यांचीच. त्यांना मिळाली नाही, म्हणून तर मोकळी आहे." काकूंचा आवाज जराही चढला नव्हता. "मी ती रोज पुसते. कुणीतरी वापरू दे. उठा आता."

त्यांनी आप्पांच्या डाव्या काखेत हात घातला. मी उजवीकडून धरलं. आप्पा उठले. त्या वाटेने आम्ही तिघं आडवे होऊन कसेबसे पलीकडे गेलो. न्हाणीच्या दाराशी काकूंनी त्यांचा डावा हात त्या नळीवर ठेवला आणि म्हणाल्या, आता तुमचे तुम्ही जा, पडणार नाही. आप्पा गेले. आत दार ओढून घेतल्याचा आवाज आला. किती तरी महिन्यांनी आप्पांनी स्वतःच्या हाताने दार लावलं होतं.

बाहेर आल्यावर आप्पा तांब्याभर पाणी प्यायले.

मग परसात ह्यांनी मला सारं सांगितलं. शेटेअण्णांना असाच झटका आला होता. काकूंनी दागिने विकून घरात न्हाणी काढली. तिचं पाणी गल्लीच्या गटाराला न्यायचं तर सरळ वाट आमच्या परसातून होती, काही हातांची नाली. अण्णा आणि आप्पांचं त्याआधी गणपतीच्या वर्गणीवरून काहीतरी वाजलेलं होतं. काकू स्वतः विचारायला आल्या तेव्हा आप्पा म्हणाले, माझ्या परसातून कुणाचं सांडपाणी जाणार नाही. झालं. काकूंना नाली पलीकडच्या अंगाने, घराला वळसा घालून न्यावी लागली. तिकडे जमिनीखाली काळा दगड. तो फोडता फोडता पैसे संपले, पाऊस लागला, माणसं शेतावर गेली. अण्णा तसेच कॉटवर पडून होते, आणि काकू भांडी उचलत होत्या. नाली पुरी व्हायच्या काही दिवस आधीच ते गेले.

"ती न्हाणी पहिल्यांदा वापरली ती तेराव्याला आलेल्या पाहुण्यांनी," हे म्हणाले. "मी तेव्हा कॉलेजात होतो. आप्पांना एकदा म्हणालो, जाऊ द्या ना पाणी. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की पुन्हा बोललो नाही."

मला काकूंचं ते बंद दार आठवलं.  

त्यानंतर रोज सकाळ-संध्याकाळ आप्पा त्या वाटेने पलीकडे जायचे. आधी मी आणि काकू धरायचो, मग एकट्या काकू, मग काठी आणि भिंत. काकू त्यांच्याशी फारशा बोलत नसत. पाणी गरम आहे, साबण उजव्या हाताला नाही, डाव्या हाताला ठेवलाय, एवढंच. आप्पाही मान हलवायचे. पण येताना ते काकूंच्या स्वयंपाकघरात पाटाशेजारच्या खुर्चीवर जरा टेकायला लागले. काकू तांदूळ निवडत असायच्या, रेडिओ चालू असायचा.

जूनच्या आधीच सोसायटीने हप्ता दिला. मिस्त्री आला. आमच्या न्हाणीची फरशी, टाकी, मग ती वाट बुजवायची, असा क्रम ठरला. यावेळी पैसे नेमके होते, बाजूला काढण्यासारखं काही उरलं नव्हतं. सकाळी मिस्त्रीने परसात दोरी लावायला घेतली, आमच्या न्हाणीचं पाणी गटाराला न्यायची नाली आखायला. आप्पा काठी टेकत मागच्या दारात आले. ह्यांनी खुर्ची आणून दिली, पण ते बसले नाहीत. काकूंच्या परसाकडे काठी केली.

"तिथून," ते म्हणाले.

मिस्त्रीला कळेना. त्याने सांगितलं, आपली न्हाणी इकडे आहे मास्तर, नाली इथूनच काढायची. आप्पांनी मान हलवली. काठीचं टोक जमिनीवर टेकवलं आणि काकूंच्या न्हाणीच्या मागच्या कोपऱ्यापासून, दोन्ही परसांमधल्या बुटक्या बांधावरून, आमच्या दारापुढून थेट गल्लीच्या गटारापर्यंत रेघ ओढत निघाले. पाय ओढत, मधे थांबत. हे धरायला गेले तर त्यांना कोपराने बाजूला केलं. रेघ वाकडीतिकडी झाली. गटाराशी पोहोचल्यावर घामाघूम होऊन ते भिंतीला टेकले.

"दिनू," ते ह्यांना म्हणाले. "आधी... हे."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. पैसे कुठून, हे त्या पाहण्यात होतं. नाली लांबली, बांध फोडायचा, विटा जास्त, सिमेंट जास्त. मी मिस्त्रीला सांगितलं, आमच्या न्हाणीला आता गिलावा नको, आणि दारही यंदा राहू दे, पडदा लावू. मिस्त्रीने दोरी उचलली आणि आप्पांच्या रेघेवर नेऊन लावली.

काकू त्यांच्या मागच्या दारात उभ्या राहून हे सगळं पाहत होत्या. मग आत गेल्या. थोड्या वेळाने माणसांसाठी चहा घेऊन बाहेर आल्या.

मातीच होती सगळी, काम भराभर झालं. दगड एकही लागला नाही. सिमेंट सुकल्यावर मिस्त्री म्हणाला, पाणी सोडून बघू. काकू न्हाणीत गेल्या. आप्पा परसात खुर्चीवर बसले होते, नालीच्या अगदी काठाशी. मी त्यांच्या मागे उभी. आतून बादली ओतल्याचा आवाज आला. थोडा वेळ काहीच दिसलं नाही. मग बांधाच्या कापलेल्या तोंडातून पाणी आलं, साबणाचा फेस आणि सुकं पान पुढे ढकलत, आणि आप्पांच्या पायांपुढून वाहत गल्लीकडे गेलं.

"आलं का पाणी?" काकूंनी आतून विचारलं.

मी सांगणार होते. पण आप्पांनी माझ्या हातावर हात ठेवला. त्यांचे ओठ हलत राहिले. आम्ही सगळे थांबलो, मिस्त्रीसुद्धा.

"आलं, वहिनी."

 मग काकूंनी दुसरी बादली ओतली.